‘अमेरिकन फिक्शन’ आणि प्रेक्षकाला हवी असलेली गोष्ट

‘अमेरिकन फिक्शन’ पाहिलेल्या बऱ्याच प्रेक्षकांनी एक तक्रार केली. ट्रेलर पाहून आम्ही उपहासपट बघायला बसलो आणि निम्मा वेळ एका कुटुंबाची दुखणीखुपणी पाहत राहिलो, असं त्यांचं म्हणणं. बहिणीचा अचानक मृत्यू, आईचा वाढत चाललेला स्मृतिभ्रंश, भावाचा मोडलेला संसार, समुद्रकाठचं जुनं घर, वर्षानुवर्षं ते घर सांभाळणाऱ्या लोरेनचं उतारवयातलं लग्न, हे सगळं मध्येच कशाला घुसडलं? गोऱ्या प्रकाशकांची खिल्ली उडवणारा भागच वाढवला असता तर सिनेमा धारदार झाला असता.

या सिनेमावर आलेल्या प्रतिक्रियांत मला हीच सगळ्यात मोलाची वाटते. तिच्याशी मी सहमत नाही. पण सिनेमा ज्या दुखण्यावर बोट ठेवतो, ते या तक्रारीत जितकं उघड दिसतं तितकं कुठल्याच कौतुकात दिसत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. थेलोनियस एलिसन, घरीदारी सगळे ज्याला मंक म्हणतात, हा कृष्णवर्णीय प्राध्यापक ग्रीक पुराणकथांवर बेतलेल्या अवघड कादंबऱ्या लिहितो. त्या खपत नाहीत. पुस्तकांच्या दुकानात त्याला आपली पुस्तकं कादंबऱ्यांच्या फळीवर सापडत नाहीत. ती आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या कोपऱ्यात लावलेली असतात, कारण लेखकाचा वर्ण. तो स्वतःच ती हातावर रचून दुसऱ्या फळीकडे न्यायला निघतो. दरम्यान सिंटारा गोल्डन नावाच्या लेखिकेची झोपडपट्टीतल्या आयुष्यावरची, मोडक्या बोलीत लिहिलेली कादंबरी देशभर गाजत असते. चिडलेला मंक एका रात्री टोपणनावाने तसलंच काहीतरी खरडतो: बंदुका, अमली पदार्थ, बेपत्ता बाप, पोलीस. प्रकाशकांच्या तोंडावर फेकायला म्हणून लिहिलेल्या त्या बाडाला साडेसात लाख डॉलर मिळतात. आईला चांगल्या ठिकाणी ठेवायचं तर पैसा हवा, म्हणून तो ते घेतो. व्यवहार मोडावा म्हणून पुस्तकाचं नाव बदलून चक्क एक शिवी ठेवायचा हट्ट धरतो, तर प्रकाशक तेही आनंदाने मान्य करतात.

पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 2001 सालच्या ‘इरेजर’ या कादंबरीवरून कॉर्ड जेफरसन यांनी ही पटकथा लिहिली आणि दिग्दर्शनही केलं. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच सिनेमा. सप्टेंबर 2023 मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात त्याला पीपल्स चॉइस पुरस्कार मिळाला. तो परीक्षकमंडळ देत नाही, प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो. पुढे मार्च 2024 मध्ये उत्कृष्ट रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं. थोडक्यात, प्रेक्षकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला. कशासाठी घेतला, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

सगळ्यात जास्त हशा मिळवणारा प्रसंग पुरस्कार समितीचा आहे. पाच परीक्षक एका टेबलाभोवती बसलेत. मंक आणि सिंटारा हे दोघे कृष्णवर्णीय, बाकीचे तिघे गोरे. समोर मंकचीच बनावट कादंबरी आहे आणि ती त्याची आहे हे त्या खोलीत कुणालाही ठाऊक नाही. मंक आणि सिंटारा दोघंही तिला नकार देतात. तिघे गोरे परीक्षक होकार देतात. तीन विरुद्ध दोन, पुस्तक जिंकलं. आणि त्याच दमात एक गोरी परीक्षक म्हणते की या घडीला कृष्णवर्णीयांचे आवाज ऐकणं फार गरजेचं आहे. ज्या दोन आवाजांना आत्ताच मतांच्या जोरावर गप्प केलं ते तिच्या समोरच बसलेले असतात. प्रसंग अचूक लिहिलाय. ज्यांनी भरल्या थिएटरात पाहिला त्यांनी या जागी छप्पर उडेल असं हसू ऐकल्याचं सांगितलंय.

मला हे हसू खटकतं. विनोद वाईट म्हणून नव्हे, तो उत्तमच आहे. पण इथे प्रेक्षकाला फार सहज सुटका मिळते. टेबलापलीकडची ती बाई मूर्ख आहे आणि मला तिची मूर्खता दिसते, म्हणजे मी तिच्यातला नाही, एवढा हिशोब पाच सेकंदांत मनात पुरा होतो. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय समीक्षकांनी नेमका हाच आक्षेप घेतला: उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकाला ओरखडाही न उठवता हसवून घरी पाठवणारा उपहास हा उपहास कसला? आक्षेप रास्त आहे. शिवाय ज्या साहित्यव्यवहारावर मूळ कादंबरी तुटून पडली होती तो विसेक वर्षांत बदललाही आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं. 2020 साली पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर तिथल्या प्रकाशनसंस्थांनी विविधतेच्या घोषणा केल्या आणि कृष्णवर्णीय लेखकांची मागणी वाढली. ली अँड लो या प्रकाशनसंस्थेच्या 2019 च्या पाहणीत मात्र अमेरिकी प्रकाशन व्यवसायातले 76 टक्के लोक गोरे निघाले होते. म्हणजे पुस्तक निवडणाऱ्या टेबलावरचं बहुमत सिनेमातल्यासारखंच आहे. विनोद जुना झाला असेल, टेबल तेच आहे.

पण फक्त या प्रसंगांवर सिनेमा उभा असता तर त्याच्यावर एवढं लिहायची गरज पडली नसती. त्याचं खरं म्हणणं मंकच्या घरात आहे.

ते घर बॉस्टनचं, डॉक्टरांचं. बाप डॉक्टर होता, बहीण लीसा डॉक्टर, भाऊ क्लिफ प्लास्टिक सर्जन. त्यांच्यात पैशावरून कटकटी आहेत, बापाच्या बाहेरख्यालीपणाचं गुपित आहे, आईने ऐन वेळी मुलाच्या मनाला लावलेली ठेच आहे. क्लिफ समलिंगी आहे आणि आयुष्याची बरीच वर्षं ते लपवून आता उधळलाय. स्टर्लिंग के. ब्राउन यांनी तो असा केलाय की त्याच्या बेबंद हसण्याआड केवढा राग साचलाय ते कळत राहतं. बापाला आपलं खरं रूप कळायच्या आत तो गेला, कळलं असतं तर कदाचित त्याने झिडकारलंही असतं, पण निदान त्याने खऱ्या मला झिडकारलं असतं, अशा अर्थाचं क्लिफ बोलतो. ते ऐकताना मला वर्णाचा प्रश्न आठवला नाही. एका मुलाचं बापाशी राहून गेलेलं बोलणं तेवढं ऐकू आलं. आणि मंकला जन्मभर लिहायचंय ते हेच. त्याच्या घरात घडतंय ते कुणाला विकत नकोय आणि त्याने एका रात्रीत रचलेलं खोटं सगळ्यांना हवंय. सिनेमाचे हे दोन भाग एकमेकांना चिकटवलेले नाहीत. एक भाग म्हणजे बाजार काय मागतो ते, दुसरा म्हणजे बाजार काय नाकारतो ते. मग प्रेक्षक थिएटरातून बाहेर येऊन म्हणतो की तो दुसरा भाग जरा लांबला.

कारागिरीची त्रुटी दाखवायची तर मीही दाखवीन. लीसा फार लवकर जाते; ट्रेसी एलिस रॉसने थोडक्या वेळात तिला एवढं जिवंत केलंय की ती गेल्यावर सिनेमातली ऊब कमी होते. मंकची मैत्रीण कोरलाईन पुरती उमलतच नाही. पण ‘हे कंटाळवाणं झालं’ हे म्हणणं वेगळं आणि ‘हे कशाला दाखवलं’ हे म्हणणं वेगळं. बॉस्टनच्या गोऱ्या डॉक्टर कुटुंबावर सिनेमा निघाला असता तर आईच्या आजारपणाचं प्रयोजन कुणी विचारलं नसतं. कृष्णवर्णीय कुटुंबाच्या दुःखाला मात्र आधी कारण दाखवावं लागतं, आणि ते कारण वर्णाचं असावं लागतं.

ही मागणी आजची नाही. कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी 1950 साली एका लेखात गोरे प्रकाशक काय छापत नाहीत याचा पाढाच वाचला होता. मोलमजुरीच्या पलीकडे गेलेल्या, साध्या, धडपडणाऱ्या, प्रेमात पडणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाच्या मनात काय चाललंय यात कुणाला रस नाही, आणि म्हणून तो माणूस अमेरिकेतलं सगळ्यात जपून ठेवलेलं गुपित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याला आज पाऊणशे वर्षं झाली.

जेफरसन यांना हे पुस्तकांतून शिकावं लागलेलं नाही. ते आधी पत्रकार होते. 2014 साली त्यांनी एक लेख लिहिला होता: कुठे वर्णद्वेषाची घटना घडली की संपादकांचा फोन यायचा, आणि तेच दुःख तशाच शब्दांत पुन्हा मांडून द्यायचं, या कामाने माणूस आतून कसा शिणतो याबद्दल. पुढे ते टीव्हीसाठी लिहू लागले. तिथेही एका पात्राला जरा जास्त ‘ब्लॅक’ करा अशी सूचना त्यांना आली होती, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे काय करू ते समोरासमोर समजावून सांगा, असं त्यांनी कळवल्यावर विषय तिथेच थांबला. त्यानंतर काही महिन्यांतच ‘इरेजर’ त्यांच्या हाती पडली.

आता या सिनेमावरचा सगळ्यात अवघड आक्षेप. तो मुख्यतः कृष्णवर्णीय वाचक आणि प्रेक्षकांकडून आला, आणि त्याच्याकडे काणाडोळा करून सिनेमाची बाजू घेणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. आक्षेप असा: मंक सुखवस्तू घरातला आहे. समुद्रकाठी दुसरं घर असलेल्या, घरकामाला बाई असलेल्या कुटुंबातल्या प्रोफेसरने गरीब वस्तीतल्या माणसांच्या कहाण्यांना बाजारू ठरवावं, यात वर्गाचा तोरा नाही का? बंदुका, तुरुंग, व्यसनं, एकट्या आया हे काही गोऱ्या प्रकाशकांनी कल्पनेतून काढलेलं नाही. ते जगणारी माणसं आहेत, आणि त्यांनाही आपली गोष्ट छापलेली पाहायचा हक्क आहे. मंकला घरातलं दुःख लिहायचंय हे ठीक, पण दुसऱ्याच्या घरातलं दुःख लिहिणाऱ्याला तो कमी का लेखतो?

सिनेमाला हा प्रश्न पडलेला आहे, हे सिंटारा आणि मंक यांच्या एकमेव खऱ्या भांडणात दिसतं. समितीच्या मधल्या सुट्टीत दोघं एकटे सापडतात. मंक तिला विचारतो की तुझ्या पुस्तकात आणि या बनावट कादंबरीत फरक तो काय. ती सांगते की मी लोकांशी बोलले, मुलाखती घेतल्या, त्यांनी सांगितलेलं लिहिलं. तिचं पुस्तक त्याने पूर्ण वाचलेलंच नाही, हेही तिथे उघडं पडतं. मंक म्हणतो, मला या देशातल्या आपल्या लोकांची वाया गेलेली क्षमता दिसते. त्यावर ती म्हणते की समोर आहे ते पुरेसं नाही असं ज्याला वाटतं त्यालाच क्षमता दिसते. सिंटारा झालेल्या इसा रे यांनी हे वाक्य आवाज न चढवता टाकलंय आणि ते मंकला बसतं. तेवढ्यात तिसरा माणूस आत येतो आणि बोलणं तुटतं.

माझी खरी तक्रार इथे आहे. हा प्रसंग दहा मिनिटं चालायला हवा होता. सिनेमातला सगळ्यात जळता वाद ज्या दोन माणसांत आहे त्यांना दिग्दर्शकाने दोन-तीन मिनिटंच दिली, आणि गोऱ्यांच्या बावळटपणाला मात्र सढळ हाताने वेळ दिला. त्यामुळे प्रेक्षकाला हसणं सोपं झालं आणि विचार करणं ऐच्छिक झालं.

पण या आक्षेपातून काही जण जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. मंकच्या बाजूचे म्हणतात, झोपडपट्टीच्या कहाण्या पुरे झाल्या, आता सुशिक्षित, प्रतिष्ठित कृष्णवर्णीय दाखवा. विरुद्ध बाजू म्हणते, गरिबीची गोष्ट हीच खरी, बाकी सगळी नक्कल. दोघेही लेखकाच्या हाती यादीच देतात. इतिहास पाहिला तर ज्याने गरिबीच लिहिली त्यालाही बाजाराने मोकळं सोडलेलं नाही. कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी 1940 साली आली. शिकागोच्या कोंदट वस्तीतला बिगर थॉमस, त्याच्या हातून घडलेले खून. सभासदांना दरमहा निवडक पुस्तक पाठवणाऱ्या बुक ऑफ द मंथ क्लबने ती निवडली आणि लाखोंच्या घरात नेली, पण निवडण्याआधी काही मजकूर बदलायला लावला. तो मजकूर पुस्तकात परत यायला 1991 साल उजाडावं लागलं. त्याच क्लबने 1945 मध्ये त्यांच्या ‘ब्लॅक बॉय’ या आत्मचरित्राचा पूर्वार्ध तेवढा घेतला, दक्षिणेतल्या छळाचा. उत्तरेकडे आल्यावर तिथेही काय वाट्याला आलं ते सांगणारा उत्तरार्ध पुस्तकरूपाने निघाला 1977 साली, राइट वारल्यानंतर सतरा वर्षांनी. दक्षिणेतला अत्याचार उत्तरेच्या वाचकाला चालत होता. स्वतःच्या अंगणातला चालत नव्हता.

मंकने ज्या जातीच्या कादंबरीची टर उडवली तिचा मूळपुरुष म्हणून राइट यांच्याकडेच बोट दाखवलं जातं. ‘इरेजर’मधल्या बनावट कादंबरीचा सांगाडाही ‘नेटिव्ह सन’वरून उचललेला आहे. तरी राइट यांचं पुस्तक खोटं नव्हतं. ते एकच पुस्तक सगळ्यांकडून पुन्हापुन्हा मागण्यात खोटेपणा होता. एकाच अनुभवाला सगळ्या समाजाचा दाखला करून टाकलं की तो अनुभव सांगणाऱ्याचा घात होतो आणि न सांगणाऱ्याचाही. मंकचा राग सिंटारावर निघतो ही त्याची चूक आहे. दोघंही एकाच खरेदीदाराच्या दारात उभे आहेत.

आणि तो खरेदीदार टेबलापलीकडची ती तीन माणसंच आहेत असं नाही. सिनेमात एक प्रसंग आहे जो हसता हसता घसा आवळतो. मंक ती बनावट कादंबरी लिहायला बसतो आणि त्याची पात्रं त्याच्याच खोलीत उभी राहतात: दारुडा बाप, बंदूक घेतलेला मुलगा. मध्येच वळून ती मंकला विचारतात, आता मी काय बोलू? संवाद भडक आहेत, ठरीव आहेत, मंक ते हसण्यासाठीच लिहितोय. पण कीथ डेव्हिड आणि ओकिएरिएटे ओनाओडोवन हे दोघे ते इतक्या ताकदीने करतात की क्षणभर आपण बापलेकांच्या त्या खोट्या भांडणात गुंततो. खोटं आहे हे माहीत असून पाणी येतं डोळ्यांत. मला काय आवडतं, मी कशाला भुलतो, हे त्या दृश्याने मला जेवढं दाखवलं तेवढं समितीच्या प्रसंगाने दाखवलं नाही. शेवटही त्याच जातीचा आहे. मंक आपल्या हकिगतीचे दोन-तीन शेवट सिनेमा दिग्दर्शकाला सुचवतो. साधे शेवट दिग्दर्शकाला आवडत नाहीत. पोलीस येतात, हातातलं बक्षीस बंदूक समजून गोळ्या घालतात, हा शेवट ऐकताच त्याचा चेहरा खुलतो. काही प्रेक्षकांना हा शेवट पळवाट वाटला. मला तो सिनेमातला सगळ्यात कडवा घोट वाटला, कारण त्या गोळीबाराने आपणही खुर्चीत ताठ बसतो.

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख करून द्यावी लागत नाही. दलित साहित्याच्या पहिल्या पिढीने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय साहित्याशी नातं जाणीवपूर्वक जोडलं होतं. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी ही चर्चा औरंगाबादेत सुरू केली, जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत लिहिलं, 1972 मध्ये दलित पँथरने तर नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. अनुभव सारखा होता, तशी वाचकाची मागणीही सारखीच निघाली. दया पवारांचा ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह 1974 चा, ‘बलुतं’ या त्यांच्या आत्मकथनाच्या चार वर्षं आधीचा. आज त्यांचं नाव घेतल्यावर किती जणांना आधी त्यांची कविता आठवते? मराठीतून इंग्रजीत गेलेल्या दलित साहित्यात आत्मकथनांचाच भरणा आहे. ती आत्मकथनं मोठीच आहेत, त्यांनी मराठी गद्य बदलून टाकलं. पण दलित कवीच्या निव्वळ प्रेमकवितेला किंवा दलित कादंबरीकाराच्या नुसत्या प्रयोगाला आपल्याकडे तशी दाद मिळते का, हे आपल्या समीक्षकांनी आणि प्रकाशकांनी स्वतःला विचारायला हवं. त्यांच्या आधी आपण वाचकांनी.

एव्हरेट यांच्या वाट्याला काय आलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या: ग्रीक पुराणांवर, पश्चिमेच्या घोडेस्वारांवर, शून्याचा अभ्यास करणाऱ्या गणितज्ञावर. त्यातल्या बऱ्याच मिनेसोटातल्या ग्रेवुल्फ या ना-नफा तत्त्वावरच्या छोट्या प्रकाशनाने काढल्या. मोठ्या पुरस्कारांची रांग लागली ती मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मधल्या जिम या गुलामाची कहाणी त्याच्याच तोंडून सांगणाऱ्या ‘जेम्स’पासून: 2024 चा नॅशनल बुक अवॉर्ड आणि 2025 चं पुलित्झर. कादंबरी या मानाला शंभर टक्के पात्र आहे. तिच्यातले गुलाम आपापसात शुद्ध, डौलदार इंग्रजी बोलतात आणि गोरा माणूस जवळ आला की मोडकं बोलू लागतात. जिम ते मोडकं बोलणं लहान मुलांना शिकवतो, कारण ते न जमणं जिवावर बेतू शकतं. जी नक्कल मंकने पैशासाठी केली ती इथे जीव वाचवण्यासाठी आहे, आणि ऐकणाऱ्याला काय हवं ते ओळखून बोलण्याची सक्ती किती जुनी आहे ते ही कादंबरी दाखवते.

तरीही ‘जेम्स’ वाचून एव्हरेट यांच्याकडे वळलेल्या प्रत्येकाच्या हाती मला 1999 ची ‘ग्लिफ’ द्यावीशी वाटते. तिचा निवेदक राल्फ हे तान्हं मूल आहे. अचाट बुद्धीचं, पण बोलायचं नाही असं ठरवलेलं. ते फक्त लिहितं. आईबापाबद्दल, तत्त्ववेत्त्यांबद्दल, आपल्याला पळवून नेणाऱ्यांबद्दल लिहीत जातं. वर्णाचा उल्लेख नाही. बऱ्याच पानांनंतर ते अचानक वाचकाला विचारतं: इथपर्यंत तुम्ही मला गोरा समजत होतात का?